पाच नंबरची पाळी

॥ श्री ॥

बुलढाणा,
ता. २ जून १९६३

चि. नीळकंठ यास वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवत जावे, असं मी दर पत्राच्या माथ्यावर लिहिते. आणि तू दर वेळी ‘मी बरा आहे’ एवढंच लिहून अख्खं कार्ड वाया घालवतोस. सरकारने कार्डाला दोन बाजू दिल्या आहेत. हट्टाने बदली मागून घेऊन चांद्याच्या जंगलात रस्ते बांधायला गेलास, तर निदान तिथे काय खातोस, ताप वगैरे नाही ना, मच्छरदाणी बांधतोस की उशाला घेऊन झोपतोस, एवढं तरी कळू दे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घेत होतास. माझ्यापुढे मोठेपणा नको.

यांची नोटीस मिळाली असेलच. ‘सभासद, घर क्रमांक पाच यांस’ असा मायना सख्ख्या भावाला लिहिणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. मी म्हटलं, खाली निदान ‘तुझा दादा’ असं लिहा. तर म्हणाले, संस्थेच्या कागदावर नातं चालत नाही. गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस झाल्यापासून हे जेवताना मीठसुद्धा ठराव मांडल्यासारखं मागतात.

नोटिशीत आहे ते थोडक्यात सांगते. मृग लागायच्या आत प्रत्येकाने आपापल्या घरावरची कवेलू फेरून घ्यायची आहेत. आपली छपरं एकमेकांना जोडलेली, एकाच्या फुटक्या कवेलूचं पाणी दुसऱ्याच्या अंथरुणात उतरतं. तुझ्या आणि आमच्या घराची तर भिंतही एकच. गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली होती तेव्हा तू तिकडून आणि हे इकडून, दोघं भाऊ बोटांनी वाजवून बघत होतात आणि तुझी प्रतिमा नि मी हसत होतो. देऊळघाटचे उकंडराव कवेलू फेरायला येणार आहेत. ते वरून काम करतील, पण आत कुठे गळतं ते बघायला किल्ली लागेल. ती तू बरोबर नेलीस. पाठवता आली तर पाठव. नाहीतर असू दे. घरात जायची तशी काही गरज नाही.

विहिरीतला गाळ काढला. फाटकाजवळची नाली पक्की झाली. विजेचा खांब अजून कोपऱ्यावरच उभा आहे, त्यामुळे फाटकावर आपला कंदीलच. पाळीची पाटीही तीच, यांनी स्वतः रंगवलेली, पोट सुटलेल्या ‘ळ’ची. ज्याच्या दारावर पाटी त्याने त्या दिवशी अंगण झाडायचं, विहिरीचा ओटा धुवायचा, नाली मोकळी करायची, दिवेलागणीला कंदील लावायचा आणि पाटी पुढच्या घराच्या दारावर अडकवायची. आठवतं, सहा नंबरच्या झुंबरबाई पाटी गुपचूप अडकवून पळायच्या आणि सात नंबरच्या गोजरबाई दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, मले कोनी सांगतलंच नाही. त्या दोघींची इतकी जुंपली की यांनी सभेत ठरावच करून घेतला. पाटी लावणाऱ्याने ‘पाळी आली हो’ अशी हाक द्यायची, आणि आतून ‘हाव, घेतली’ असं ऐकल्याशिवाय दारातून हलायचं नाही.

प्रतिमाला ते ‘हाव’ आपणच शिकवलं. वाईची पोर, तिला ‘हो’ची सवय. शिकली तर इतकं लांबवायला लागली की झुंबरबाई म्हणायच्या, हे ‘हाव’ हाय का शेगावच्या गाडीची शिटी. आणि ती बाहेर बसली की तिची पाळी तू करायचास. सारं अंगण स्वच्छ, आणि कचऱ्याचा ढीग मात्र दर वेळी विहिरीच्या ओट्याशी विसरलेला. ती खिडकीतून मला खूण करायची आणि मग तो ढीग मी उचलायची.

असो. तुझ्या घराची पाळी होते आहे, काळजी नको. कोण करतं ते पुढे कधी सवडीने लिहीन.

दोन दिवस का होईना, घरी ये. प्रतिमाला जाऊन सहा महिने होतील. एवढे दिवस माणसाने एकट्याने कुढू नये.

तुझी,
शरयूवहिनी

॥ श्री ॥

बुलढाणा,
ता. २३ जून १९६३

चि. नीळकंठ यास वहिनीचे आशीर्वाद.

इकडे क्षेम. तुझं कार्ड आलं आणि या वेळी चक्क दोन्ही बाजू भरून आलं. वाचून बरं वाटलं. तू लिहितोस, जी कोणी बाई माझ्या घराची पाळी करते तिला माझ्या नावाने चोळीचा खण द्या. मी दोन दिवस विचार करते आहे, तो खण देऊ कुणाला. म्हणून आता लिहावंच लागतंय.

तू गेल्यापासून तुझी पाळी मीच करत होते. माझ्या दिवशी पाटी आमच्या दारावर, दुसऱ्या दिवशीही आमच्याच दारावर, आणि मग सरळ झुंबरबाईंकडे. यात कुणाला काही वाटलं नाही. मेमध्ये भाचीच्या लग्नाला मी चिखलीला गेले. मागे आमची पाळी यांनी केली. हातात खराटा घेतलेले चिटणीस बघायला म्हणे सगळी वसाहत ओट्यांवर येऊन उभी होती. संध्याकाळी यांनी कंदील लावला आणि नियमाप्रमाणे पाटी पुढच्या दारावर लावली. पुढचं दार तुझं. बंद घराची पाळी मी करते हे यांच्या गावीही नव्हतं. नियमात तसं लिहिलेलं नाही ना.

मी परत आले तेव्हा पाटी झुंबरबाईंच्याही पुढे गेलेली. मी सहज विचारलं, मधल्या दिवशी पाच नंबरची पाळी कुणी केली?

“पाच नंबरने,” हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. “मी पाटी लावली, हाक दिली, घेतली म्हणाली, मी घरात आलो.”

“कोण म्हणाली?”

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या दिवशी ते परत उचललं नाही.

मला वाटलं, पलीकडून कुणीतरी ओ दिली असेल आणि यांच्या कानांनी भलतंच धरलं. पण अंगण झाडलं होतं, ओटा धुतला होता, कंदीलही लागला होता, हे साऱ्यांनी पाहिलेलं. झुंबरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मले वाटलं तूच आली चिखलीहून. दारातून हाक आली, पाळी आली हो. म्या म्हटलं हाव, घेतली, अन् भाकरी थापत राह्यली. भाईर येऊन पाह्यलं तं पाटी होती, माणूस नव्हतं.” मग म्हणाल्या, “आवाज काही तुयासारखा नव्हता वो. पन मी बोलली नाही कोनाले.”

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. पुढच्या खेपेला पाटी आमच्याच दारावर दोन दिवस ठेवायची, गप्प झाडायचं आणि विषय मिटवायचा. ते मी केलं नाही. माझी पाळी संपली तशी दिवेलागणीला पाटी घेऊन तुझ्या दाराशी गेले. कुलूप होतं, तू लावलंस तसंच. खिळ्याला पाटी अडकवली. हाक द्यायला तोंड उघडेना. समोर झुंबरबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शेवटी म्हटलं, पाळी आली हो.

आतून ओ आली, नीळकंठ. दाराशी येऊन नाही, स्वयंपाकघरातून, हात कामात असले की बाई देते तशी.

“हाऽऽव, घेतली.”

ते कुणाचं ‘हाव’ ते मी तुला सांगायला नको. झुंबरबाईंच्या हातातलं सूप थांबलं. मला भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्याच्याही आधी मला बरं वाटलं. ती गेल्यापासून संध्याकाळी त्या भिंतीकडे पाठ करून मी स्वयंपाक करते. पलीकडे पाटा-वरवंट्याचा आवाज नाही, हाक नाही, ‘जाऊबाई, चिमूटभर हिंग द्या’ नाही. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या.

सकाळी अंगण झाडलेलं होतं. तुळशीभोवती ती गोल गोल झाडायची ना, तसेच गोल.

तुला आठवत असेल, ताप चढून तिला दवाखान्यात न्यायला टांगा आला तेव्हा पाटी तुमच्याच दारावर होती. टांग्यात बसताना मला म्हणाली, जाऊबाई, पाळी राहिली. मी म्हटलं, मी करते, तू जाऊन ये. त्या दिवशी केलीही मी. पण घेतली म्हणाली होती ती, आणि घेतलेली पाळी पुरी करायचा तिचा स्वभाव.

हे तुला लिहायचं नव्हतं, त्याचं कारणही सांगते. तू घरी यावंस म्हणून मी नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला आहे. पण तू घरात यावंस, चार माणसांत जेवावंस, पुढेमागे नीट संसार करावास, म्हणून यावंस. कुलूप लावलेल्या दारापुढे बसून एका शब्दासाठी कान लावायला येऊ नयेस. आणि तू तेच करशील, मी तुला ओळखते.

खण घेऊन ठेवला आहे, हिरवा. कुठे ठेवू ते कळेना, म्हणून देवापाशी ठेवला.

तुझी,
वहिनी

॥ श्री ॥

बुलढाणा,
ता. २१ जुलै १९६३

चि. नीळकंठ यास आशीर्वाद.

इकडील क्षेम. तिकडील क्षेम नाही, हे तुझ्या अक्षरावरूनच दिसलं. ‘किरकोळ ताप येतो आणि जातो’ म्हणे. जंगलातला ताप किरकोळ कधीपासून व्हायला लागला? गोळ्या घे. साहेबाला सांगून चांद्याच्या दवाखान्यात दाखव. रजा मिळत नाही, नाले भरून रस्ता बंद आहे, पाऊस ओसरल्याशिवाय कुणालाही सोडणार नाहीत, हे सगळं कळलं. तोवर तापाला अंगावर काढू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझ्या पत्रात बाकी सारं तिचंच होतं. आणखी काही बोलते का, माझं नाव घेते का, आवाज खोल गेलाय का. मला माझ्याच हातांचा राग आला. ज्याला भिऊन मी महिनाभर गप्प होते तेच मी केलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. दुसरं काही बोलत नाही. पाळी घेते, करते, पुढे देते. बाकीचे दिवस घर गप्प असतं.

उशिरा का होईना, कवेलू फेरून झाली. उकंडराव तुझ्या छपरावर चढले, कवेलू काढताना आत नजर गेली असावी, आणि भराभर खाली उतरले. मला म्हणाले, “बाई, भाईर कुलूप हाय अन् आत चूल सारवेल दिसते. ओली. राहते कोन या घरात?” मी म्हटलं, आमचीच आहे. त्यावर त्यांनी टोपी काढली, परत घातली, वर गेले आणि उरलेलं काम आत न बघता पुरं केलं. तुझ्या घरावरची फुटकी बदलून चांगली घातली आहेत.

ही गोष्ट वसाहतभर व्हायला वेळ लागला नाही. मग सभा. झुंबरबाईंनी विषय काढला की हे असं किती दिवस चालायचं, कोणा जाणत्याला बोलवावं, नाहीतर शेगावचा अंगारा तरी आणून टाकावा. कुणी म्हणालं, पाच नंबरला पाटीच लावू नका. यांनी उठून सांगितलं की पाळीतून कोणतंही घर वगळण्याची तरतूद नाही. यांचा आवाज कापत होता, आणि तो नियमासाठी कापत नव्हता. गोजरबाईंचे उत्तमराव अध्यक्ष, ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “पाच नंबरचं काम सगळ्यात चोख होऊन राह्यलं. कोनाची तक्रार हाय? अंगन घाण राह्यलं? कंदील लागला नाही? मंग विषय काऊन काढता? पोरगी आपली हाय.” तेव्हा यांनी ‘पाच क्रमांकाच्या पाळीबाबत तक्रार नाही’ असं लिहून घेतलं आणि चहा झाला. सरकारदरबारी असला ठराव दुसऱ्या कोणत्या संस्थेचा असेल असं वाटत नाही.

काल दिव्यांची आवस होती. घरोघरी दिवे घासून पुजले. पाळी योगायोगाने तुझीच. फाटकावरचा कंदील इतका लख्ख घासलेला होता की काच आहे की नाही ते कळेना, आणि त्याला हळदकुंकू लावलेलं. आम्ही बायका आलटून पालटून बघून आलो. गोजरबाईंनी तिथेच डोळे पुसले.

आता तू जे करायला सांगितलंस ते. मी करणार नव्हते. पत्र दोनदा घडी करून डब्यात ठेवलं. पण तू लिहिलंस, ‘वहिनी, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही’, आणि ते खरंच होतं. तेव्हा परवा पाटी अडकवली, हाक दिली, आतून ‘हाऽऽव, घेतली’ आलं, आणि मी दाराला तोंड लावून तुझा निरोप दिला, तू लिहिलास तसाच. म्हटलं, “प्रतिमा, नीळकंठ येतो म्हणालाय.”

आत काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. मी वळले तेव्हा मागून आलं, “हाव.”

या वेळी लांबवलेलं नव्हतं. हळू होतं, आणि अगदी दाराशी.

झालं तुझ्या मनासारखं. आता माझ्या मनासारखं कर. ताप उतरल्याचं पत्र पाठव. येशील तेव्हा आधी आमच्याकडे ये, हातपाय धू, जेव, आणि मग मी बरोबर येईन कुलूप काढायला. एकटा त्या घरात पाय टाकायचा नाही. शपथ घालते.

तुझी,
वहिनी

॥ श्री ॥

बुलढाणा,
ता. २० ऑगस्ट १९६३

नीळकंठा,

माथ्यावर श्री लिहिला आहे तो आधी बघ. प्रतिमा गेली तेव्हा वाईला पत्र लिहिताना वर श्री लिहायचा नाही, कोपरा फाडायचा, हे तूच मला सांगितलं होतंस, कारण माझा हात सवयीने श्री लिहायला गेला होता. आज सवयीने लिहिलेला नाही. हे त्या जातीचं पत्र नाही, आणि मी ते तसं होऊ देणार नाही.

महिना झाला, तुझं कार्ड नाही. दोन बाजूंचं नाही, एका बाजूचं नाही. पोस्टमन मला लांबूनच मान हलवून दाखवतो. यांनी तुझ्या कचेरीला पत्र घातलं, त्यांचं उत्तर आलं की रस्ता तुटल्यामुळे मुक्कामाशी संपर्क नाही. हे मला म्हणाले, संपर्क नाही म्हणजे बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणजे सारं बरं. मी मान डोलावली.

काल पोळा होता. घरात पुरण, आणि माझी पाळी. कंदील लावून मी पाटी तुझ्या दाराशी नेली. मन स्वयंपाकात होतं. पाटी अडकवली, म्हटलं, पाळी आली हो.

“हाव, घेतली वहिनी.”

तुझा आवाज. घसा बसलेला, पण तुझा.

मला इतका आनंद झाला की मी हसलेच. म्हटलं, अरे लबाडा, कळवायचं तरी, आणि आधी माझ्याकडे ये म्हटलं होतं ना. तशीच घरात धावले, यांना म्हटलं नीळकंठ आला. हे चष्मा शोधायला लागले. मी ताटात दोन पुरणपोळ्या, वाटीत तूप, असं वाढून परत आले. दाराला कुलूप होतं. पावसाने गंजून लाल झालेलं, आणि कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, अखंड. हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी हाक मारली. यांनीही मारली, नीळ्या म्हणून, लहानपणी मारायचे तशी. ओ आली नाही.

पण आत ताटाला वाटी लागल्याचा आवाज आला. मग परत. आत कुणीतरी जेवत होतं, सावकाश, भूक असलेला माणूस जेवतो तसं. आणि कुणीतरी वाढत होतं, कारण मधूनमधून बांगड्या वाजत होत्या.

आता एक सांगते, मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. उकंडरावांनी छपरावरून फक्त सारवलेली चूल पाहिली नव्हती. चुलीपुढे दोन पाट मांडलेले पाहिले होते. मला ते म्हणाले होते, “दोन पाट मांडेल हायेत बाई, समोरासमोर.” मी ते तुझ्यापासून लपवलं. मला वाटलं, हे कळलं तर तू पाऊस, नाले, ताप काही न बघता निघशील. आणि त्याच्या पाठोपाठ मी काय केलं, तर तिला जाऊन सांगितलं, नीळकंठ येतो म्हणालाय.

त्या शब्दाचा मला आता राग येतो. आपण घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. पोर शाळेत निघालं तरी येतो, माणूस परगावी निघाला तरी येतो. तू ‘येतो’ लिहिलंस, कुठून आणि कुठे ते लिहिलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. जसाच्या तसा निरोप पोचवला.

आज सकाळी अंगण झाडलेलं होतं. तुळशीभोवती गोल नव्हते. आडवे, लांब फटकारे, पुरुषाच्या हाताचे. ओटा धुतलेला. आणि विहिरीच्या ओट्याशी कचऱ्याचा ढीग, विसरलेला.

हे तो ढीग बघून ओट्यावर बसले ते उठेनात. झुंबरबाईंनी पाणी आणून दिलं. मी खराटा आणि टोपलं घेऊन आले, सवयीने, तुझा ढीग नेहमी मीच उचलते ना. वाकले होते, तेवढ्यात उत्तमराव आले. म्हणाले, “नाही, शरयूबाई. हात लावू नका. ढीग हाय तोवर पाळी पुरी नाही, अन् पाळी पुरी नाही तोवर पाटी त्याच्या दारावर राहील. ज्याची पाळी त्यानंच उचलायचा. हा नियमच हाय.” असा नियम नाही, नीळकंठ. यांनी एकदाही तसं लिहिलेलं नाही. पण यांनी मान वर करून उत्तमरावांकडे पाहिलं आणि म्हणाले, हो, नियम आहे. दिवसभर सगळी वसाहत त्या ढिगाला वळसा घालून पाणी भरते आहे. गोजरबाईंनी वाऱ्याने उडू नये म्हणून वर पोतं टाकलंय.

यांनी तार केली आहे. तारेत शब्दाशब्दाचा हिशोब ठेवणारा माणूस, खाली ‘तुझा दादा’ असं लिहून आले. मला दाखवलं नाही, मी तारेच्या पावतीमागच्या कच्च्या मसुद्यात वाचलं. उद्या पहिल्या गाडीने मलकापूर, तिथून नागपूर, चांदा, आणि पुढे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी. रस्ता तुटला आहे तर तुटू दे म्हणाले. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुझ्या हातातच द्यायचं, असं मी त्यांना बजावलं आहे. हिरवा खणही बरोबर देते आहे. तो तुझ्याकडे राहू दे. तिला द्यायचा असेल तर घरी येऊन दे.

प्रतिमाशी माझं भांडण नाही. दुपारी मी आमच्या बाजूने भिंतीला हात लावून तिला म्हटलं, बाई गं, तुझी पाळी तू नेकीने केलीस. त्याला जेवू घातलंस ते बरंच केलंस, तो तिकडे नीट जेवत नव्हता. पण आता त्याला माझ्याकडे पाठव. वाढायला मी आहे. भिंत गार होती, आणि ओल आल्यासारखी वाटली. ओ आली नाही. तिला न विचारता माझी कधी वाटीसुद्धा हलत नव्हती, तिने एवढं माझं ऐकावं.

दिवेलागण झाली आहे. कंदील कुणी लावायचा असा प्रश्न होता, कारण पाटी तुझ्या दारावर. आम्ही सगळे आपापल्या ओट्यावर उभे राहून वाट बघत होतो. अजून लागलेला नाही. तो लागला नाही याचा मला इतका धीर आला आहे की काय सांगू. तू तिकडे आहेस म्हणूनच लागला नाही, असं मी धरून चालले आहे. हे म्हणतात, तेही तसंच धरून चालले आहेत.

नेहमीचा मायना आज वर लिहिला नाही. लिहायला घेतला आणि हात थांबला, की तू इकडे आहेस का तिकडे. आता सगळं लिहून झाल्यावर, तू तिकडेच आहेस असं ठरवून, खाली लिहिते.

इकडील क्षेम. ढीग तसाच आहे, येऊन उचल.

तिकडील क्षेम कळव, नीळकंठा. तुझ्या हातची एक ओळ पुरे, कार्ड वाया गेलं तरी चालेल.

वाट पाहणारी,
तुझी वहिनी